सोन्याच्या गोष्टीत खोकला का नाही?

पा. रंजित यांचा 'तंगलान' हा तमिळ चित्रपट १५ ऑगस्ट २०२४ रोजी प्रदर्शित झाला. त्यावर जे लिहिले-बोलले गेले त्यात दोन तट सरळ दिसतात. एक तट प्रस्थापित परीक्षकांचा. त्यांच्या मते चित्रपट फार ओरडतो, इतिहास आणि जादू यांचा मेळ बसत नाही, विचार कथेवर स्वार होतो. दलित कलावंताने काही भव्य करायला घेतले की हे आक्षेप तयारच असतात; त्यांचा मी येथे विचार करणार नाही. दुसरा तट आपल्या माणसांचा. कोलारच्या सोन्यावर, त्या जमिनीवर पहिला हक्क कोणाचा हे कोणीतरी पडद्यावर ठणकावून सांगितले याचा त्यांना आनंद झाला. मी या दुसऱ्या तटातला आहे. आणि या तटातला आहे म्हणूनच माझी एक तक्रार आहे.

ही तक्रार मुळात माझी नाही, माझ्या मामांची आहे. आम्ही दोघांनी हा चित्रपट घरी बसून पाहिला. मामा खानापूर तालुक्यातले. त्या भागातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत हे सांगली जिल्ह्यात कोणालाही ठाऊक असते. मामांनी तमिळ मुलखात अशाच एका दुकानात एकवीस वर्षे काढली. त्यांना तमिळ चांगले कळते, त्यामुळे खालच्या ओळी वाचायची त्यांना गरज नव्हती; उलट मधूनमधून तेच मला शब्दांचे अर्थ सांगत होते. चित्रपट संपला. मी भारावून बोलू लागलो. मामा गप्प. मग म्हणाले, "समदं खरं हाय रं. पर एवढं सोनं निघालं, आन् एकालाबी खोकला कसा न्हाई?"

मला हसू आले. पण नंतर कित्येक दिवस हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. मी चित्रपट पुन्हा पाहिला, तोही खोकल्याचा शोध घेत. मला तरी तो कथेत कोठे सापडला नाही.

आधी 'तंगलान'मध्ये काय आहे ते सांगितले पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. काळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा, मुलूख उत्तर अर्काटचा. तंगलान हा परैयर जातीचा माणूस स्वतःच्या तुकड्यावर शेती करतो. पीक जळते, सारा थकतो, जमीन जमीनदाराच्या घशात जाते आणि अख्खे घर वेठीला लागते. अशा वेळी क्लेमेंट नावाचा इंग्रज सोन्याच्या शोधात माणसे घेऊन निघतो, आणि तंगलान वेठबिगारीतून सुटण्यासाठी त्याच्याबरोबर जातो. रानात आरती नावाची सोन्याची राखणदारीण आहे, पूर्वजांची स्मृती आहे, बुद्धाची भग्न मूर्ती आहे. बायकांना पहिल्यांदा चोळ्या मिळतात तो प्रसंग तर मी विसरू शकत नाही. त्या आनंदात लाज आहे, हसू आहे, शतकांचा उघडा अपमान आहे. पार्वती तिरुवोतु यांनी उभी केलेली गंगम्मा आणि विक्रम यांचा तंगलान ही दोन्ही माणसे आपल्याच वस्तीतली वाटतात. 'काला'मध्ये धारावी दाखवणारा हाच दिग्दर्शक. जमीन हा त्याचा ध्यासविषय आहे, आणि तो रास्त आहे.

आता या चित्रपटात माणसे कशाने मरतात ते पाहा. सापाने मरतात, श्वापदाने मरतात, राखणदारिणीच्या कोपाने मरतात, शस्त्राने आणि बंदुकीने मरतात. प्रत्येक मरणाला आवाज आहे, रक्त आहे, पाहणाऱ्याचा श्वास रोखणारा क्षण आहे. सोन्याने मात्र कोणी मरत नाही. म्हणजे असे की, सोने मिळवण्याच्या झगड्यात माणसे मरतात, पण सोने काढण्याच्या कामाने मरत नाहीत. मामांच्या प्रश्नाचा रोख या फरकावर होता.

कोणी म्हणेल, चित्रपटाचा काळ जुना आहे, तेव्हा यंत्रे नव्हती, धूळ कोठली? त्याला उत्तर कोलारच्या इतिहासातच आहे. १८०२ च्या सुमारास जॉन वॉरेन नावाचा लेफ्टनंट त्या भागात मोजणीच्या कामावर होता. त्याने तिथल्या लोकांची सोने काढण्याची रीत पाहिली आणि लिहून ठेवली. मारिकुप्पमजवळ परैयर माणसे उथळ खड्ड्यांत उतरत, दगड टोपल्यांतून हातोहात वर येत, आणि वर बसलेल्या बाया ते दगड कुटून त्यांचा भुगा करीत. मग तो भुगा पाण्यात धुवायचा. कंपनी यायच्या कितीतरी आधी चालू असलेली ही हाताची खाण. कोलारचे सोने गारगोटीच्या शिरांमध्ये असते. गारगोटी कुटली की जी बारीक पूड उडते तिच्यातला सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतच नाही. तो नाकात अडत नाही, घशात अडत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो आणि तिथे व्रण करतो. फुप्फुस हळूहळू दगडासारखे होते. वॉरेनच्या टिपणातल्या त्या कुटणाऱ्या बाया किती वर्षे जगल्या, कशाने गेल्या, हे कोणी लिहिले नाही. कल्पना करण्याचा अधिकार कलावंताला आहे, आणि रंजित यांनी तो सापाच्या, राखणदारिणीच्या बाबतीत मुक्तपणे वापरलाही. या बायांच्या छातीच्या बाबतीत का वापरला नाही?

पुढे १८८० पासून जॉन टेलर आणि मंडळींची कंपनी आली. वाफेची यंत्रे आली, सुरुंग आले, दाबाच्या हवेवर चालणारे छिद्रक आले. शिवसमुद्रमची वीज १९०२ मध्ये कोलारला पोहोचली, बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागण्याच्या आधी. ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. तिथला खडक इतका तापलेला की हवा थंड करून खाली सोडावी लागे. खडकावरचा दाब अचानक मोकळा होऊन कडे फुटत आणि माणसे चिरडली जात. खाली उतरणारी बहुसंख्य माणसे उत्तर अर्काट, चित्तूर भागातून आलेली आदि-द्रविड होती. वर देखरेख करणारे गोरे आणि अँग्लो-इंडियन. १९४० ते १९४६ या काळात तेथील ७,६५३ कामगारांच्या छात्या तपासल्या गेल्या. शेकडा ४३.७ जणांना सिलिकोसिस निघाला. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हा आकडा माहीत असतो. साहित्याच्या, चित्रपटाच्या विद्यार्थ्याला तो कधी सांगितला जात नाही. मला तो पन्नाशी उलटल्यावर कळला.

या रोगाचा एक गुण लेखकाने समजून घेतला पाहिजे. धुळीतून बाहेर पडल्यावरही तो थांबत नाही. माणूस काम सोडतो, गावी जातो, आणि वर्षांनंतर दम लागून, त्यावर क्षय जडून मरतो. अशा वेळी तो खाणीच्या वहीत मरत नाही. तो आपल्या झोपडीत मरतो आणि गाव म्हणते, टीबीने गेला, दारूने गेला. कडा फुटून मेलेला माणूस मोजला जातो, कारण प्रेत खाणीत असते. धुळीने मेलेल्याचे प्रेत कंपनीच्या हद्दीबाहेर पडते. मोबदल्याचा कायदा असला तरी तो प्रमाणपत्र मागतो, नोकरीचा पुरावा मागतो. आणि ज्याला श्वास पुरत नाही त्याने कचेरीच्या पायऱ्या किती चढायच्या?

येथे दुसऱ्या एका चित्रपटाबद्दल बोलावे लागेल, कारण मराठी प्रेक्षकाला कोलार माहीत झाले ते मुख्यतः त्याच्यामुळे. प्रशांत नील यांचा 'के.जी.एफ.' २०१८ मध्ये आला, दुसरा भाग २०२२ मध्ये. त्यात खाण आहे नराची नावाची, काल्पनिक. हजारो माणसे तिथे गुलाम म्हणून कोंडलेली आहेत. एक राक्षसी मालक आहे, आणि त्याला मारायला बाहेरून आलेला एकटा नायक आहे. कोलारच्या खऱ्या माणसांशी या कथेचा संबंध नावापुरता. पण मला खटकते ते वेगळे आहे. गुलामगिरी दाखवली की मालकाला सैतान करता येते, आणि सैतान मेला की प्रश्न मिटतो. खऱ्या कोलारमध्ये साखळदंड लागले नाहीत. हजेरी होती, खोलीचे भाडे होते, कंत्राटदाराची उचल होती, झडती होती. १९३० साली बोटांचे ठसे घेण्याच्या नियमाविरुद्ध याच कामगारांनी संप केला. कोणी नायक बाहेरून आला नव्हता. ज्यांना आपण मुकी जनावरे म्हणून पडद्यावर पाहिले त्यांचेच आजोबा-पणजोबा हे. मारिकुप्पमला तर विसाव्या शतकाच्या आरंभीच पंडित अयोती दास यांच्या प्रेरणेने शाक्य बौद्ध संघाची शाखा उभी राहिली होती. खाणीतून वर आलेली माणसे तिथे धम्म वाचत होती. पुढे अयोती दासांचे ग्रंथ चॅम्पियन रीफ्सच्याच प्रकाशनगृहाने छापले. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या कितीतरी आधी! याची मराठी बौद्धांना फारशी माहिती नाही, ही आपली गरिबी.

आणि या 'के.जी.एफ.'च्या चित्रीकरणाचा काही भाग झाला तो कोलारच्या सायनाइडच्या टेकड्यांवर. दगडाची पूड सायनाइडच्या पाण्यात मुरवायची म्हणजे सोने त्यात उतरते. उरलेला गाळ बाहेर टाकायचा. शंभराहून अधिक वर्षे असे टाकलेले तेरा ढिगारे तिथे आहेत, कोट्यवधी टन मालाचे. वारा सुटला की त्यांची पांढुरकी धूळ कामगारांच्या वस्तीत, भांड्यांत, अंथरुणांत येते. सरकारी भारत गोल्ड माइन्सने २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद केल्या, पण ढिगाऱ्यांना कोणी रजा दिली नाही. चित्रपटाला या टेकड्या पार्श्वभूमी म्हणून आवडल्या. उजाड, पिवळट, भव्य! ज्या धुळीने तिथल्या माणसांची छाती भरली ती धूळ नायकाच्या चालीला शोभा आणण्यासाठी उडवली गेली. प्रस्थापित कलेची नैतिकता तपासायला याहून वेगळा पुरावा मला नको. जून २०२४ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने हेच तेरा ढिगारे पुन्हा उकरून उरलेले सोने काढण्याला मंजुरी दिली. सोन्याचा भाव पाहता ते काढले जाईलही. ढिगारे उकरताना त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी श्वास कोठे घ्यायचा, हे कोणी विचारताना दिसत नाही.

कोलारची खोल खाण बंद झाली म्हणजे हाताने सोने काढणे जगातून संपले, असे मात्र नाही. दीड ते दोन कोटी माणसे आजही आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि आशियात लहान खाणींतून, नदीच्या वाळूतून सोने काढून पोट भरतात. त्यांत लाखो बाया आणि मुले आहेत. त्यांचे हत्यार पारा. दगडाची ओली पूड पाऱ्यात घोळली की सोने पाऱ्याला चिकटते. तो गोळा फडक्यातून पिळायचा आणि विस्तवावर धरायचा. पारा उडून जातो, पिवळा मणी उरतो. उडून जातो म्हणजे जातो कोठे? धरणाऱ्याच्या नाकात, शेजारी खेळणाऱ्या पोराच्या नाकात. ही वाफ दिसत नाही, तिला वास नाही, आणि श्वासात गेलेल्यातला बहुतेक भाग शरीरात राहतो. हात कापू लागतात, हिरड्या सुजतात, आठवण जाते, मूत्रपिंड निकामी होतात. पुष्कळदा हे काम घरच्या चुलीवर, स्वयंपाकाच्याच भांड्यात होते. माणसाने हवेत सोडलेल्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा या लहान खाणींचा आहे. यावर बंदी घाला असे म्हणणे सोपे. पण पारा स्वस्त असतो आणि व्यापारी तो उधार देतो, त्या बदल्यात सोने त्यालाच विकायचे. ही उचल आपल्याला नवी नाही. फिलिपाइन्सच्या बेंगेट प्रांतातल्या डोंगरी खाणकऱ्यांनी पाऱ्याऐवजी टाकणखार वापरून सोने वितळवण्याची रीत कित्येक वर्षे चालवली आहे. आपल्या प्रत्येक सोनाराच्या डबीत असतो तोच टाकणखार.

आणि नायजेरियाचा झाम्फारा प्रांत. २०१० साली तेथे चारशेहून अधिक लहान मुले मेली. सोन्याच्या दगडात शिसे होते. बायांनी तो दगड अंगणात फोडला, धान्य दळायच्या गिरणीत दळला, आणि धूळ घराच्या जमिनीवर बसली. रांगती मुले तीच धूळ हातातोंडाने खात होती. वॉरेनच्या टिपणातल्या कुटणाऱ्या बाईपासून या बाईपर्यंत दोनशे वर्षे गेली. बाई तिथेच बसलेली आहे, दगड तोच, आणि तिचे पोर तिच्याजवळ आहे. खाणीत उतरणाऱ्या पुरुषाचे शौर्य तरी कधीमधी गायले जाते. अंगणात दगड कुटणाऱ्या बाईचे काम हे काम म्हणूनही गणले जात नाही.

ब्राझीलच्या सेरा पेलाडा खाणीची साल्गादो यांनी १९८६ मध्ये काढलेली छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. चिखलाने माखलेली हजारो माणसे पोती पाठीवर घेऊन शिड्या चढत आहेत. ती छायाचित्रे मोठी आहेत यात शंका नाही. पण पाहणारा शेवटी गर्दीच्या आकाराने, नरकाच्या भव्यतेने दिपून जातो. डोंगर चढणारे शरीर छायाचित्रात येते; पाऱ्याने कापणारा हात स्थिर चित्रात कसा येणार? ही माध्यमाची अडचण आहे हे मी मान्य करतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. सावकाश मरणाला कथानक नसते. ते एका क्षणात घडत नाही, त्याला खलनायक नसतो, त्याचा सूड घेता येत नाही. म्हणून नाट्य शोधणारी कला ते टाळते. प्रस्थापितांनी ते टाळले याचे मला आश्चर्य नाही. आपण का टाळतो? भूक हा साहित्याचा विषय नव्हे, मेलेल्या ढोराचे मांस हा साहित्याचा विषय नव्हे, असे सांगणाऱ्यांना दलित आत्मकथनांनी उत्तर दिले. भुकेलाही कथानक नव्हते. ती रोज होती, तशीच होती, कंटाळवाणी होती, आणि तरी आपल्या लेखकांनी ती लिहिली. ज्या परंपरेने भुकेचे रोजचेपण लिहून दाखवले तिने फुप्फुसाला 'हा वैद्यकीय प्रश्न आहे' म्हणून दाराबाहेर ठेवावे, हे मला पटत नाही. आमच्या एका कार्यकर्त्या मित्राने मला नेमके हेच ऐकवले, म्हणून एवढे सविस्तर लिहितो आहे.

हे जमते, याचे दाखले आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या पीटर अब्राहम्स यांची 'माइन बॉय' ही कादंबरी १९४६ सालची. तिच्यात सोन्याच्या खाणीतला एक कामगार रक्त खोकतो, पण आपला आजार लपवतो, कारण घरच्या जमिनीवरचे कर्ज फेडायचे आहे. तो प्रसंग थोड्या पानांचाच, पण त्यात सर्व आले: जमीन, कर्ज, फुप्फुस, गप्प राहणे. 'तंगलान'मध्येही जमीन आणि कर्ज आहे. चौथा आणि तिसरा दुवा तेवढा निखळला आहे. त्या देशातल्या खाणकामगारांना सिलिकोसिसबद्दल सुमारे पाच अब्ज रँडच्या भरपाईची तडजोड न्यायालयातून मंजूर झाली ती २०१९ मध्ये, कादंबरीनंतर त्र्याहत्तर वर्षांनी. कादंबरीमुळे झाली असे मी म्हणत नाही. पण खोकला आधी लिहिला गेला होता.

दुसरा दाखला जपानच्या मिचिको इशिमुरे यांचा. मिनामाताच्या उपसागरात एका रासायनिक कारखान्याने पारा सोडला आणि मासे खाणारी कोळी माणसे वेडीवाकडी होऊन मेली. त्याच मिनामाताचे नाव पाऱ्यावरच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय कराराला दिले आहे, आणि लहान सोन्याच्या खाणींबद्दल त्या करारात स्वतंत्र कलम आहे. इशिमुरे त्या गावच्या गृहिणी. त्यांनी 'कुगाई जोदो' हे पुस्तक १९६९ मध्ये लिहिले. त्यात डॉक्टरांचे अहवाल जसेच्या तसे येतात आणि लगेच कोळणीची गावठी बोली येते. रोग्याला जे बोलता येत नव्हते तेही त्यांनी आपल्या शब्दांत लिहिले. अहवाल आणि आक्रोश शेजारी ठेवण्याची ही पद्धत आपल्या लेखकांनी अभ्यासण्यासारखी आहे. शेकडा ४३.७ हा आकडा आणि मामांचे वाक्य एका पानावर आले तर काय होईल?

राहता राहिली आपली समीक्षा. मराठी समीक्षेची भाषा एकदा कान देऊन ऐका. कविता बावनकशी असते. अनुभव तावूनसुलाखून निघालेला असतो. प्रतिभेच्या मुशीत तो वितळतो. लेखकाचा कस लागतो, साहित्य कसोटीला उतरते. आणि ज्या शब्दावर आपले सारे वाद चालतात तो 'निकष', त्याचा अर्थच सोनाराचा कस लावायचा दगड. म्हणजे आमची सौंदर्यविषयक परिभाषा सराफकट्ट्यावरून उचललेली आहे. पण दुकानाच्या कोणत्या भागातून? पुढच्या. जिथे गादी असते, तराजू असतो, आणि तयार सोने दगडावर घासून पाहणारा माणूस बसतो. दुकानाच्या मागच्या भागातला एकही शब्द समीक्षेत आलेला नाही.

मागच्या भागात माझे मामा होते. आमच्या वस्तीतली जी चार पोरे या धंद्यात गेली त्यांतले कोणी पुढे बसल्याचे मी ऐकले नाही. मागे खिडकी नसलेली खोली, भट्टी, आणि तेजाब. अशुद्ध सोन्यात अडीच-तीन पट चांदी मिसळून वितळवायची, तिचा पातळ पत्रा करायचा आणि तेजाबात उकळायचा. चांदी, तांबे विरघळते, सोने तळाशी राहते. उकळताना तांबूस धूर निघतो. त्या धुराची खोड अशी की तो घेतला त्या वेळी नुसता ठसका लागतो. माणूस घरी जातो, जेवतो, आणि मध्यरात्री त्याचा श्वास कोंडतो, कारण फुप्फुसात पाणी भरायला काही तास लागतात. मामांच्या जोडीदाराचे असेच झाले. सकाळी मालकाने सांगितले की पोराला आधीपासून दमा होता. मामांना स्वतःला आता एक जिना चढवत नाही. त्यांचे पुढचे दात झिजून खुंट राहिले आहेत, नखे पिवळी आहेत. मुंबईच्या झवेरी बाजारात गटारांतला आणि रस्त्यावरचा गाळ घमेल्यात धुऊन सोन्याचे कण काढणारे घमेलेवाले असतात. पारा आणि तेजाब त्यांच्याही हातात असते. त्यांच्या घमेल्यातली कसोटी कोणत्या समीक्षकाने लावून पाहिली आहे?

मे २०२० मध्ये तीन माणसे मारिकुप्पमच्या बंद खाणीत सोन्यासाठी उतरली आणि आत गुदमरून मेली. बातमीत ती चोर होती. वॉरेनच्या टिपणातले मारिकुप्पम तेच, बौद्ध संघाचे मारिकुप्पम तेच, आणि तंगलानचे सोनेही त्याच मातीतले. रंजित यांनी त्या मातीची सुरुवातीची गोष्ट सांगितली. ती सांगायलाच हवी होती, आणि माझी तक्रार असूनही मी हा चित्रपट आणखी दहा जणांना दाखवीन. पण पुढची गोष्ट लिहिताना तिच्यात शत्रू म्हणून साप चालणार नाही.

मामांना मी गेल्या दिवाळीत एक वही आणून दिली. तुम्ही दुकानात काय काय केले ते जसे आठवेल तसे लिहा, म्हणालो. त्यांनी आतापर्यंत अकरा पाने लिहिली आहेत. त्यांत पहिली चार पाने तेजाबाच्या बाटल्यांचे भाव आहेत, कोणत्या साली किती, कोणत्या गावाहून. पुढे जोडीदाराच्या त्या रात्रीबद्दल दीड पान आहे आणि ते मध्येच तुटले आहे. मी ते या त्रैमासिकासाठी मागितले. आधी त्याच्या बायकोला विचारून ये, म्हणाले. ती आता आटपाडीकडे असते असे कळले आहे.